मठारकाम

फॉर्मवर माध्यमाचे रकाने चार:
तैलरंग, जलरंग, अ‍ॅक्रिलिक, इतर.
मी 'इतर'वर खूण केली
आणि शेजारच्या रेघेवर लिहिलं, रंगीत पेन्सिल.
खिडकीतल्या मुलानं वाचून विचारलं,
"म्हणजे लहान गटात का, मॅडम?"

लहान गटच म्हणायचा.
अडीच महिने एका घंगाळापुढे बसले होते,
कसब्यातल्या तांबट आळीतून आणलेल्या,
रमाकांत करड्यांच्या दुकानातून,
घासाघीस न करता,
आणि त्याबद्दल घरी ऐकून घेत.

तांब्याच्या रंगाची पेन्सिल मिळते.
अप्पा बळवंत चौकात सुटी मागितली
तर दुकानदार मान वर न करता काढून देतो.
ती वापरायची नाही, एवढं एकच मला येतं.
तांबं तसं नसतंच कुठे.
काठाखाली ते आमसुली असतं,
पोटाशी शेंदरी,
खिडकीतलं आभाळ पडतं तिथे पिकलं जांभूळ,
आणि बुडाशी, जिथे कोणी वाकून बघत नाही,
शेवाळी.

थर द्यायचे. हात इतका हलका
की पेन्सिलीलाही कळू नये.
कुकर लावून एक, शिट्ट्या होईस्तोवर;
रात्री ओटा पुसून झाल्यावर एक.
अकराव्या थराला वाटतं, सगळं मातीत गेलं.
सोळाव्याला कागद रंग घेईनासा होतो,
हट्टी मूल तोंड मिटून घेतं तसा.
तेव्हा दोन दिवस त्याच्याकडे बघायचंही नाही.
विसाव्याला, बहुतेक गुरुवारी,
धातू येतो.

भुकटी फुंकायची नाही.
एकदा फुंकली होती.
थुंकीचा एक थेंब, आणि आठ दिवस पाण्यात.
आता दाढीचा ब्रश वापरते,
यांनी दाढी ठेवल्यापासून रिकामाच होता.

आणि पांढरं.
पांढरं मागाहून देता येत नाही,
ते सुरुवातीपासून राखावं लागतं.
हातोडीच्या प्रत्येक ठोक्यावर
तांदळाच्या कणीएवढा कोरा कागद.
चारशे बारा कण्या.
मोजल्या, कारण रात्री झोप येत नव्हती.

बालगंधर्वच्या कलादालनात पाच दिवस.
"फोटोच आहे ना हा?" असं सतरा जणांनी विचारलं,
कौतुकानंच.
एक बाई म्हणाल्या, आमच्या नातवाकडेसुद्धा
चोवीसचा डबा आहे, पण बसत नाही हो.
एकानं काचेला नाक लावलं,
मग नाकाचा ठसा रुमालानं पुसला
आणि घाईघाईनं निसर्गचित्रांकडे गेला.

चौथ्या दिवशी करडे आले.
चपला दाराबाहेर काढल्या, कोणी काढत नाही तिथे.
शेजारची चित्रं त्यांनी पाहिली नाहीत.
काचेपासून वीतभर लांब बोट धरून
काठापासून खाली, ओळीनं,
पोतं उतरवून घेणारा हमाल मोजतो तसं
ओठ हलवत मोजत गेले.
बोट थांबलं.

"तिसरी ओळ. हा वाकडा पडलाय."
मी म्हणाले, भांड्यातच तसा आहे, मी फक्त
"माहितीय. माझाच आहे."
मग बराच वेळ पंख्याचाच आवाज.
"गिऱ्हाइकाला दिसत नाही
म्हणून सोडला होता."

किंमत विचारली. सांगताना कान तापले माझे,
भांडं त्यांनी मला बावीसशेला दिलं होतं.
ते हसले नाहीत.
"दोन दिवसांचं काम होतं माझं," म्हणाले,
"तुमचं अडीच महिन्यांचं. हिशेब बसतो."
चपला घालता घालता वळून म्हणाले,
"घंगाळ घेऊन या एकदा.
तेवढा ठोका सरळ करून देतो.
पैसे नकोत."

चित्र विकलं गेलं नाही.
बबलरॅपमध्ये कपाटामागे उभं आहे.
घंगाळ ओट्यावर असतं, त्यात लिंबं ठेवते.
करड्यांचा दोनदा निरोप आला.
मी अजून नेलेलं नाही.