सदुसष्ट-तेहेतीस

पहिल्या खेपेला फसले.
रंग आला तो असा, जणू एका पेल्याचं कोकम सरबत
पाणी घालून पाच जणांत वाटलंय.
छान आहे की, म्हणाले हे,
आणि बत्तीस वर्षं ज्या आवाजात
बँकेच्या खिडकीतून 'उद्या या' म्हणत आले
त्याच आवाजात म्हणाले.

मग कॉलर उलटी करून पट्टी वाचली :
सदुसष्ट टक्के पॉलिएस्टर, तेहेतीस सूत.
काकू, ह्याला रंग चढत नाही, वरची ओजस्वी म्हणाली,
नुसता येऊन बसतो
आणि पाणी आलं की उठून जातो.
मी यांच्याकडे बघितलं नाही. मुद्दामच.

ट्रंकेच्या तळाशी होते दोन सुती सदरे,
लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीतले.
कढत पाण्यात त्यांची खळ काढली,
डांबरगोळ्यांचा वास काही निघाला नाही.
सियागंजातून सोडा आणला,
धुण्याचा, खाण्याचा नव्हे, दुकानदाराला दोनदा बजावून.
बोअरिंगचं पाणी नको, नर्मदेचंच,
सकाळी नळ आला तेव्हा भरून ठेवलेलं.
अर्धा तास सोड्यात. मग पिळायचे,
ओले राहतील, गळणार नाहीत, इतपत.
मधोमध चिमूट धरून गरगर फिरवलं,
सदऱ्याची जिलबी झाली.
रबरं कमी पडली. हे उठले, कपाटातून डबा काढला,
नोटांच्या गड्ड्यांची रबरं, डबाभर.
कधी आणलीत?
निवृत्तीच्या दिवशी.
याउपर काही बोलले नाहीत.

पिवळा, मोरपंखी, राणी.
निळ्याशेजारी नारिंगी नको, चिखल होतो,
सांगूनसुद्धा यांनी ओतलाच एका बाहीवर.
मी घडी फाकवून, बाटलीचं तोंड आत खुपसून
तान्ह्याला पाजावा तसा पोटापर्यंत पाजला रंग.
पिशवीत बांधून ठेवायचं एक रात्र, एक दिवस.
रात्री अडीचला बाल्कनीतला दिवा लागलेला.
बघतोय फक्त, म्हणाले.

गार पाणी, पुन्हा गार, मग कढत,
बादलीचा तळ दिसेपर्यंत.
सोडलं.
राणी रंग असा
की चहा गाळायला गेले तरी गाळणीत तोच.
शिवणीचा दोरा तेवढा पांढरा, टाकान्‌टाका मोजून घ्यावा.
दोरा पॉलिएस्टरचा असतो, ओजस्वी म्हणाली.
बाहीवर चिखल.
असू दे, म्हणाले, तो माझा.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा. तोच घालून निघाले
हयातीचा दाखला द्यायला.
यंत्र अंगठा घेईना, नखापर्यंत निळा.
काचेपलीकडली पोरगी म्हणाली,
अंकल, गेर तो मार्च में निकलती है.
चौथ्या वेळी यंत्राला पटलं
की हा माणूस आहे.

येताना स्कूटरवर, मागे न वळता :
ते उरलेले पाच, सदुसष्टवाले,
त्यांचं काय करायचं गं?

मी म्हटलं, उद्या या.