तार

दगडावर काय कोरायचं, ते विचारायला आलात.
बसा. बाकडं ओलं आहे, त्याला इलाज नाही.

मी मुळात गाडीची चाकं करणारा.
तेव्हाचं विमान म्हणजे काय,
काठ्या, कापड आणि खूपशी तार.
लाकडाची पारख असलेला माणूस हवा होता,
म्हणून मला उचलून नेलं.

लेफ्टनंट इलारिए बुझोरानू.
कागदोपत्री तोफखान्याचा,
अंगाने किडकिडीत, आणि सदा एरंडेलाचा वास.
हसू नका. त्या इंजिनाला वंगण एरंडेलाचंच.
ते उलट तोंडावर उडायचं, अर्धं पोटात जायचं,
आणि आमचा शूर वैमानिक उतरल्या उतरल्या
मक्याच्या शेताकडे धावत सुटायचा.
हे कोरायचं असेल तर कोरा.

पहिल्या आठवड्यात तो मेंढ्यांच्या कळपात शिरला.
म्हाताऱ्या मेंढपाळाने काठीने झोडपलं त्याला.
याने दोन मेंढ्यांचे पैसे मोजून दिले
आणि वर टोपी काढली.
मेंढपाळापुढे टोपी काढणारा अधिकारी
मी त्याआधी पाहिला नव्हता.

मांडीला पेन्सिल बांधून तो वरून नकाशे काढायचा.
विहिरी, पॉप्लरच्या रांगा,
यालोमित्सा नदीची आळसट वळणं.
एके ठिकाणी मात्र रिकामा चौकोन.
हुकूम कुठलाही असो, तिथे एक घिरटी ठरलेली.
मी विचारलं, इथे काय आहे?
"काही नाही," म्हणाला. मग थोड्या वेळाने, "होतं."

माझं गाव होतं.

एकोणीसशे सात, मार्च. शेतकरी उठले होते.
टेकडीवर तोफा आणल्या,
त्यातल्या एकीमागे हा, बावीस वर्षांचा.
कोठाराच्या दारात माझा भाऊ, पेत्राके.
भरतीच्या वहीत मी भलत्याच गावाचं नाव दिलेलं,
त्यामुळे मी कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं.
निदान मला तसं वाटायचं.

त्या रात्री कंदील घेऊन शेडमध्ये गेलो.
डाव्या पंखाची खालची तार.
पान्याचा अर्धा फेरा, बस.
सकाळी वर, हवेत,
पंख आपसूक दुमडला असता.
दिलासुद्धा फेरा.
मग सवयीने तार बोटाने छेडली.
नीट ताणलेली तार बोलते, सैल तार
भिजलेल्या ढोलासारखी बद्द वाजते.
तो बद्द आवाज मला सहन होईना.
दया आली म्हणून नव्हे, देवाच्या भीतीनेही नव्हे.
माझ्या हातचं काम होतं ते, आणि सैल होतं.
परत आवळली. कंदील विझवला. पहाटेपर्यंत रडलो.

पुढे तेराच्या उन्हाळ्यात डॅन्यूब ओलांडली.
शत्रू काही दिसेना.
तो वरून आला तो पांढराफटक,
म्हणाला, नदीकाठी पांढरे ठिपके आहेत, पांफिल,
मेंढ्या वाटल्या, खाली गेलो तर
नुसत्या सदऱ्यांतली आपलीच माणसं.
पटकी लागली होती छावणीला.
हुकूम नसताना पुन्हा तिथेच जाऊन उतरला,
तीन दिवस उकळलेल्या पाण्याच्या बादल्या वाहिल्या
आणि पाचव्या दिवशी गेला. चटईवर.
आकाशातून पडला वगैरे काही लिहू नका.

नकाशा माझ्याकडे आला, एरंडेलाने डागाळलेला.
रिकाम्या चौकोनात आता पेन्सिलीने नाव होतं.
सरकारी कागदांत आमचं गाव 'गुरा च्योरी'.
त्याने लिहिलं होतं 'गुरच्योर'.
असं फक्त आम्हीच म्हणतो.
आणि त्याच्या कानावर ते पडलं असेल
तर माझ्याच तोंडून, कधीतरी, काम करताना.

म्हणजे रोज सकाळी
मी आवळलेल्या तारांवर भरवसा टाकून
तो वर जायचा तेव्हा...

असो. नाव कोरा, साल कोरा.
छिन्नी कोण चालवणार आहे?
त्याला सांगा, अक्षरं आधी खडूने आखून घे
आणि मला दाखव.