अंगठा आधी

तो बर्फ नव्हता, लोक सांगताना चुकतात.
पाऊस होता. साधा, बारीक,
फक्त जिथे टेकायचा तिथेच गोठायचा.
पहिल्या संध्याकाळी आम्हाला आवडलासुद्धा:
कुंपणाची तार काचेची, मेपलची काडी न् काडी काचेची.
टपालपेटीवरचं कवच मी नखानं सोललं
तर खालून आमचंच आडनाव निघालं, ताजं.

रात्री झाडं मोडायला लागली.
आधी कडाका, मग जरा शांतता,
मग कुणीतरी लांबवर कपाटभर काचसामान
जिन्यावरून सोडून द्यावं तसं.
बाबा अंधारात खिडकीशी उभे राहून मोजत होते.
एकोणीस, म्हणाले. वीस.
मग मोजणं सोडून गोठ्यात गेले.

वीज गेली म्हणजे दिवे गेले,
माँत्रेआलच्या माणसांना एवढंच कळतं.
आमच्याकडे बेचाळीस गाई होत्या आणि मुकं झालेलं यंत्र.
संध्याकाळपर्यंत त्या हंबरल्या.
रात्री त्यांचा आवाज बदलला.
तसा आवाज मी नंतर एकदाच ऐकला,
प्रसूतीच्या खोलीत, माझ्याच तोंडून.

अख्ख्या रस्त्याला जनरेटर एक.
फेर्नाँ तो ट्रॅक्टरला जोडून गोठ्यागोठ्यानं फिरवायचा,
प्रत्येकाला दोन तास. आमची पाळी पहाटे तीनला.
दिवसातून एकदा. गाईला दोनदा लागतं.

तेव्हा सोलांज आली.
चराच्या पाण्यावरून नऊ वर्षं अबोला धरलेली सोलांज,
बुटांच्या तळव्यांतून खिळे ठोकून, काठीनं जमीन टोचत.
आमचं अंगण ओलांडायला तिला वीस मिनिटं लागली.
आम्ही काचेआडून बघत राहिलो. कुणी दार उघडलं नाही.
बाबांशी ती बोललीच नाही.
आईला म्हणाली, हातानं कुणाला येतं?
कुणालाच येत नव्हतं.

घोडा घेताना दात बघतात तशी
तिनं माझी बोटं बघितली. मी अकरा वर्षांची.
अंगठा आधी, म्हणाली. अंगठा आणि पहिलं बोट,
तिथं दार लावायचं. मग बाकीची एकेक, वरून खाली.
ओढायचं नाही. मुळीच ओढायचं नाही.
मिनूशनं मला दोनदा लाथाडलं.
तिसऱ्यांदा बादलीच्या तळाशी बारीकसं वाजलं,
आणि सोलांज पुढच्या गाईकडे सरकली,
शाबास वगैरे काही नाही.

टँकर कुठून येणार? दूध आम्ही मागच्या उतारावर ओतायचो.
पांढऱ्यावर पांढरं, वर वाफ.
दोन दिवस मांजरं धावत गेली,
मग त्यांनाही कंटाळा आला.

म्हातारा ओदिलोन तळघरात कोळसे पेटवून झोपला,
तो उठला नाही.
त्याला मे महिन्यात पुरलं. तोवर जमिनीत पहार शिरेना.
आई तासातासाला रेडिओ लावायची,
गावांची यादी ऐकायची, आमचं नाव यायचं नाही.
एका रात्री तिनं सेल काढून
उशीखाली ठेवले, ऊब राहावी म्हणून.

तेविसाव्या दिवशी दुपारी फ्रीज गुरगुरला.
दिव्यात आम्ही एकमेकांना पाहिलं: केवढे मळलो होतो.
सोलांजनं उरलेली कॉफी मोरीत ओतली,
काठी उचलली.

एप्रिलमध्ये चर तुंबला, आणि ती नि बाबा
दोन काठांवर उभे राहून
भांडत होते. तोंडानं, मोठ्यानं, नावं घेऊन.
आई म्हणाली, बरं झालं.
मागच्या रानात मोडक्या फांद्यांच्या टोकांतून
गोड पाणी ठिबकत होतं. कुणी बादली लावली नव्हती.

मी आता नवव्या मजल्यावर राहते.
दिवे नुसते मिचकावले तरी
माझा अंगठा आधी मिटतो.

बाबा गेले त्या वर्षी मी ती मोजणी पुरी करायला गेले.
बुंधे एकसष्ट.
काहींना बाजूनं फुटवे आलेत,
मनगटाएवढे जाड,
भलत्याच दिशेला.