पांढरी रेघ

डब्यात आलेलं कॉकपिट ओइवाने पहिल्याच संध्याकाळी
केराच्या बादलीत टाकलं.
सपाट पाटी, तिच्यावर घड्याळांचं छापील चित्र चिकटवायचं.
"असं नव्हतं," म्हणाला. बस्स.
बेचाळीस वर्षांच्या संसारात इतकं स्पष्ट तो
एकदाच बोलला होता, माझ्या बहिणीच्या नवऱ्याबद्दल.

मग नोव्हेंबर लागला. तळं गोठायला आलं.
जेवणाच्या टेबलाचा खिडकीकडचा अर्धा भाग गेला:
प्लास्टिकचे पातळ पत्रे, चिमटे, भिंग, शिवणाची मोडकी सुई,
आणि माझ्या केस वाळवायच्या यंत्राची वायर,
सोलून, आतले तांब्याचे केस सुटे करून
जाडीप्रमाणे ओळीने निजवलेले.
"ओल्या केसांनी काही बिघडत नाही," म्हणाला.
बाहेर उणे अकरा.

रिसालाच्या तळावर अठरा वर्षं हा घड्याळं बसवायचा,
मिगच्या पोटात डोकं घालून.
घरी चकार शब्द नाही.
शपथ होती म्हणे. मला वाटायचं, सोय होती.
फक्त नखांखाली एक रंग घरी यायचा,
हिरवा म्हणावा तर निळा, निळा म्हणावा तर औषधी,
आणि मी, तरुण आणि मूर्ख,
तो कुणाच्या तरी दाराचा असणार
म्हणून कुओपिओभर दारं बघत हिंडले होते.

तोच रंग आता जॅमच्या झाकणात,
अकराव्यांदा ढवळलेला.
"अजून जरा थंड हवा," म्हणतो,
आणि काडीने निळ्याचा एक थेंब.
मी भांडी घासत असते. काही बोलत नाही.
चाळीस वर्षांपूर्वीचं एक दार
मनातल्या मनात लोटून घेते.

लांबी तीन सेंटिमीटर. रुंदी त्याच्या निम्मी.
खसखशीएवढ्या तबकड्या, प्रत्येकीत वार्निशचा थेंब,
वाळला की त्याची काच होते.
लग्नात नातलगांची ओळख करून द्यावी तसा
सुईच्या टोकाने दाखवतो:
हा उंची सांगणारा, थंडीत अडखळायचा.
हा इंधनाचा, लबाड.
ही पायांमधली दोन लाल हँडल्स,
यांना हात लावायचा नाही.
(आम्ही दोघांनीही लावला नाही.)

मंगळवारी एक खटका उडाला.
चिमट्यातून टिक्, आणि नाही.
दोघं गुडघ्यांवर, टॉर्च जमिनीला टेकवून,
चिंध्यांच्या सतरंजीचा पट्टा अन् पट्टा.
सापडलं: रक्तदाबाची गोळी, एक मणी,
जुन्या मार्काचं नाणं, जे आता कुठेच चालत नाही.
खटका नाही.
त्याने दुसरा केला. तीन तास.

सगळ्यात शेवटी रेघ.
पाटीच्या मधोमध, वरून खाली, पांढरी.
त्याचा हात आताशा ऐकत नाही.
ब्रश माझ्याकडे सरकवला, तीनच केस ठेवलेला.
"ही कशाला?"
"विमान भोवऱ्यासारखं गरगरायला लागलं
की आकाश कुठे, जमीन कुठे, कळत नाही.
तेव्हा दांडा या रेघेवर आणायचा. आणि धरून ठेवायचा."
"मग?"
"मग वाट बघायची."

श्वास रोखला. ओढली.
तो भिंगातून बराच वेळ बघत राहिला.
"किंचित डावीकडे गेलीय," म्हणाला. आणि मग,
"राहू दे. आमच्याही सगळ्या सरळ नव्हत्या."

परवा वरची काच चिकटवली.
आत वाकून बघितलं तर अंधार,
आणि काचेवर आमची खिडकी, तळ्यावरचा बर्फ,
माझं नाक.
"एवढं केलंस, आणि दिसत तर काहीच नाही."
"तेव्हाही दिसायचं नाही," म्हणाला. "बाहेरून."

आज धुवायला मोजे उलटे करताना
टाचेच्या लोकरीत काहीतरी टोचलं.
तीळभर. टोकाला लाल ठिपका.
पलीकडच्या खोलीत तो घोरत होता.
काडेपेटीत ठेवलाय मी,
त्या नाण्याशेजारी.