टोपी

चाळीस प्रती, बस्स. चाळिसावी निघाली
की जाळी माझ्यादेखत धुवायची,
असं मेहेरनं कामाच्या वहीत लिहूनच घेतलं.
अप्पा बळवंत चौकामागे आमचं दुकान.
इथे तीनशेच्या खाली कुणी बोलत नाही,
वर गणपती फुकट.

ती कॅम्पातून स्कूटरवर यायची,
हातकागदाची गुंडाळी पायांशी उभी करून.
डाव्या पानावर तिचं चित्र, सात रंग, सात जाळ्या,
उजवीकडे काळ्यात फ्रेंच कविता.
मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.
शाई कळते. शेंदरी आधी बसला
की वरचा निळा रुसतो.

अकरा प्रती ओढून दोरीवर चिमट्यांना लागल्या
तेव्हा परचुरे बाई आल्या, चष्मा कपाळावर,
नाक कागदाला.
"इथली टोपी कुठे गेली?"

कुठली टोपी?
एका अक्षराच्या डोक्यावर कौलारू छपरासारखं
काहीतरी होतं खरं.
मला वाटलं जाळीला भोक पडलंय,
बारीक ब्रशनं बुजवून टाकलं.
पस्तीस वर्षांची सवय. हात विचारत बसत नाही.

बाई म्हणाल्या, टोपी असली तर पिकलेलं,
नसली तर भिंत.
उच्चार?
दोन्हींचा एकच.

मेहेर गप्प. सात रंगांत तिनं अंजीर काढलेलं,
सासवडचं, देठापाशी तडकलेलं,
आणि शेजारी मी भिंत बांधून ठेवली.

अण्णांच्या वेळी, खिळे जुळवायचे ते दिवस,
एका पत्रिकेत चि. सौ. कां. वरचं टिंब गळलं.
चि. सौ. का?
तीनशे घरांत नवरी विचारत गेली असती.
अण्णा रात्रभर टाकानं टिंबं देत बसले,
पहाटे पहाटे तर ती करवंदाएवढी झाली होती.

ब्रश घेतला.
दहा टोप्या घातल्या, दहाही वेगळ्या,
एक वाकडी, एक उडायच्या बेतात,
एक तर सरळ पगडीच.
अकराव्या प्रतीशी बाईंनी मनगट धरलं.
"ही राहू दे."
का, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.
मेहेरनं खाली पेन्सिलीनं लिहिलं ११/४०
आणि सही केली.

बाकीच्या एकोणतीस नव्या जाळीतून, टोपीसकट.
मग धुतली, तिच्यादेखत.
कविता मोरीतून काळी वाहून गेली.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता
भोरचे दोघं भाऊ बहिणीचं लग्न घेऊन आले.
मजकूर हातात घेतला,
आधी टिंबं मोजली.