नमुना आठ

तेवीस वर्षं मी खारवळ्यात घरांना नंबर घालतोय.
एक डबा तांबडा ऑइलपेंट, एक ब्रश
आणि ग्रामपंचायतीची वही, नमुना आठ,
जिची शिवण दोनदा मीच घातली, जाळ्याच्या दोऱ्याने.

रुजू झालो तेव्हा गाव १८६ वर संपायचं.
१८६ म्हणजे पावलू फर्नांडिसची पडवी.
त्याच्या पुढे सडा.
सड्यावर करड, करडात टिटवीची अंडी,
आणि कातळातल्या एका खळग्यात
मार्गशीर्षापर्यंत पाणी.
ढोरांचं, म्हणून नंबर नव्हता.

आता तिथे पाटी आहे: ‘सागरस्पर्श, फेज टू’.
सागर तिथून दीड कोस, तोही भरतीला.
सातबारावर नावं होती बेचाळीस, सगळे धुरी.
सहीला कुणी विरारहून आलं, कुणी नालासोपाऱ्याहून,
एकाने मस्कतहून मुखत्यारपत्र धाडलं.
जे आलं त्याचे बेचाळीस वाटे केले
तर वाट्याला एकेक बाथरूम आलं, टाइल्ससकट.
मी कुणाला हसत नाही.
त्यात एकतिसावं नाव माझं.

१८७/१ ते १८७/६४.
माझा ब्रश त्यांना चालत नाही,
स्टीलचे आकडे ते पुण्याहून घेऊनच येतात.
मी फक्त वही भरतो. मालक, लांबी, रुंदी, कौल की स्लॅब,
आणि कडेला, नमुन्यात नसलेला एक रकाना,
पेन्सिलीने, माझ्यापुरता: धूर.
चौसष्टांत धूर अकरा.
तोही शनिवारी, कोळशाचा, अंगणात.

शेवंतीकाकी नळाखाली कळशी धरून विचारते,
“घरा वाढली रे, माणसा खय वाढली?”
कळशी अर्धी होते नि नळ शिंकतो.
वर चारशे फुटांवर बोअर, वर निळा पूल.
यंदा फेब्रुवारीतच विहिरीचा तळ दिसला
आणि त्यात तिचं पडलेलं घंगाळ सापडलं,
लग्नातलं.
चिंचेने घासत बसली दिवसभर.
तेवढ्यापुरती खूश होती.

शाळेचं मात्र निराळंच.
पटावर चार पोरं उरलेली,
बंद करायचा कागद तालुक्याहून निघालेला.
जूनमध्ये पेडणेकरबाईंची हजेरी पडवीतून ऐकू आली:
शिवलीला यल्लप्पा. हजर.
मौनेश यल्लप्पा. हजर.
निंगव्वा… निंगव्वा कुठेय?
चिरे वाहणाऱ्यांची पोरं, विजापूरकडची, सतरा.
गणपतीपर्यंत ती मालवणीत शिव्या द्यायला लागली
आणि बाई कन्नडमध्ये पाणी मागायला.
कागद परत गेला.

काकीला हे सांगायला हवं होतं.
माणसा वाढली ती ही.
चिरेखाणीच्या कडेला, निळ्या प्लास्टिकखाली,
जिथे ढोरांचं पाणी असायचं, साधारण तिथेच.
धूर रोज, दोन वेळ.
कधी त्यात सुक्या बांगड्याचा वास,
तेवढं आमच्याकडून घेतलं त्यांनी.

ग्रामसेवक म्हणाले, जोतं नाही, भिंत नाही,
नंबर घालणार कशावर?
खरंय. नियम तसाच आहे.

तरी सोमवारी डबा घेऊन गेलो.
दुसऱ्याच कामाला निघालो होतो, असं स्वतःला सांगत.
प्लास्टिकवर पेंट धरत नाही, बांबू गोल.
शिवलीलाने इकडे तिकडे बघितलं
आणि चुलीचा बाजूचा चिरा दाखवला.
अजून गरम होता.
दुसऱ्या आठाचं वरचं वर्तुळ फुगून आलं, फुटलं,
ते मी तसंच ठेवलं.

वहीत १८८ ची ओळ कोरी आहे, पेन्सिलीचा रकाना सोडून.
काम संपलं की जाल ना, मी विचारलं,
मग चिरा सोबत न्या.
यल्लप्पाने हात पुसले, चिऱ्याकडे बघितलं.
जड आहे, म्हणाला,
नेणार कुठे.