दोन गुरू कमी

हॅलिफॅक्स. रात्रीचे साडेदहा.
शेवटची बस डेपोत लावून आलोय,
कोटाला अजून हीटरचा वास.
स्वयंपाकघरात शाल्मली,
समोर बारा ओळींची इंग्रजी कविता:
खाणीवरून न परतलेला नवरा
आणि त्याचे बूट रोज घासून ठेवणारी बाई.
उद्या मिसेस अ‍ॅकरॉइडना हवंय
रचना, छंद, भाव. प्रत्येकाला पुरावा.

भावाखाली तिनं लिहिलंय ‘दुःखी’,
आणि पेन चावत बसलीय.

मी म्हणतो, छंदापासून धर.
ती टेबलावर टिचक्या मारते,
हलका जड, हलका जड, ओळीला पाच ठोके.
वायपरसारखं, मी म्हणतो.
आमचं वेगळं. आम्ही लघू-गुरू मोजायचो.
कुरुंदवाडला पाध्ये मास्तर छडीनं फळा बडवायचे,
यमाताराजभानसलगा,
आणि चुकलं की तीच छडी तळहातावर.
एकदा नापास होऊन माझ्याच वर्गात आलेला दादा
बाकाखालून बोटांची पेरं मोजून दाखवायचा.

‘बाबा, नवव्या ओळीत चारच ठोके आहेत. चुकलंय ना?’

मी यती समजावू लागतो.
ओळीत श्वास घ्यायची ठरलेली जागा.
भलतीकडे तुटलं तर यतिभंग.
सांगता सांगता दिसतो
फेब्रुवारीतला फोनचा पडदा:
नदीकाठ, लाकडं, पुतण्याच्या खांद्यावर मडकं,
आणि तिथेच सगळं गोठलेलं,
मधोमध गरगरणारं एक चाक.
डेपोच्या मागे, पत्र्याखाली,
चार मिनिटं मी फोन उंच धरून उभा.
चित्र परत आलं
तेव्हा माणसं चपला शोधत होती.

हे शाल्मलीला सांगत नाही.
ती लिहिते, ‘ओळ अपुरी आहे,
कारण बाईला पुढचं बोलवत नाही.’
खोडते.
‘किंवा पुढचं तिला दिसलंच नाही.’
माझ्याकडे बघते. चालेल?

मी एकच कप बराच वेळ विसळतो.

नंतर कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायला जातो.
उतारावर खालपर्यंत दिवे, कुणाचंतरी कुत्रं.
आणि भुजंगप्रयात येतं ओठांवर,
चाळीस वर्षांनी, न बोलावता:

उभा मी इथे थंड दारात रात्री
तुला हाक मारू कशी सांग

वरची खिडकी उघडी. तिची बोटं हलतायत.
‘बाबा, दुसरीत दोन अक्षरं कमी पडतायत.’
‘माहितेय.’
‘दोन्ही गुरू?’
‘दोन्ही.’